‘साठ’चं ‘आठ’ ऐकू येतं तेव्हा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी ३९ वर्षांची. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीत मेडिकल बिलिंगचं, म्हणजे विम्याच्या क्लेमचं, काम करते. दिवसातले चार-पाच तास हेडसेट कानाला असतो. अमेरिकेतल्या क्लायंटशी इंग्रजी, टीममध्ये मराठी-हिंदी. दोन-तीन वर्षांपासून आवाज ऐकू येतो, पण शब्द निसटतात. मागच्या महिन्यात टीमलीडने सांगितलं, ‘आज साठ क्लेम संपवायचे.’ मी ऐकलं आठ. संध्याकाळी सगळ्यांसमोर ‘मॅडम, ध्यान किधर रहता है आपका?’ झालं. रडू आवरून बसले.

दोन वर्षांपूर्वी कानाच्या मशीनच्या एका दुकानात कान तपासले होते. त्या कागदाचा फोटो पाठवते. मशीन लावा म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, ‘या वयात मशीन? लोक काय म्हणतील?’ कागद कपाटात गेला. आता नवऱ्याने शोधून काढलंय की लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकायचं, ते आपला कान तपासतं आणि त्याप्रमाणे आवाज बदलून देतं. कुणाला दिसणार नाही, कळणार नाही. असं खरंच असतं का? मशीनऐवजी हे चालेल का? ऑफिसात न सांगता भागेल का?

— एक वाचक, मनीषनगर

उत्तर

तुमचं लक्ष ठिकाणावरच होतं, हे आधी मनाशी पक्कं करा. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत कानाच्या दृष्टीने फरक फक्त ‘स’चा. ‘आ’ हा दणकट स्वर, खालच्या पट्टीतला. तो बंद दारापलीकडूनही ऐकू येतो. ‘स’ म्हणजे दातांच्या फटीतून निसटणारी हवा. आवाज अगदी हलका, आणि त्याची बहुतेक ताकद ४००० हर्ट्झच्या वर, म्हणजे वरच्या पट्टीत. ज्या कानाची वरची पट्टी उतरलीय, त्याच्यापर्यंत बोलणाऱ्याचा आवाज पोचतो, स्वर पोचतात, ‘स’ तेवढा वाटेत गळतो. उरतो तो ‘आठ’. तो स्वतःच एक पूर्ण शब्द असल्यामुळे आपण चुकीचं ऐकलंय अशी शंकासुद्धा येत नाही. इंग्रजी कॉलवर क्लेम नंबर लिहून घेताना ‘एफ’ आणि ‘एस’ सारखेच वाटतात का, ते आता मुद्दाम बघा. बहुधा वाटत असतील.

हे मी अंदाजाने म्हणत नाही, तुमच्या कागदावरच आहे. त्या आलेखात आडव्या ओळीत आवाजाची पट्टी असते, २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत. उभ्या ओळीत डेसिबल, वरून खाली. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. खूण जितकी खाली, तितका तो आवाज मोठा करावा लागतो तेव्हा कुठे ऐकू येतो. तुमचे दोन्ही कान जवळपास बरोबरीने उतरतात: ५०० ला २५ डेसिबल, १००० ला ३५, २००० ला ५०, ४००० ला ६०. या चारांची सरासरी साडेबेचाळीस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीप्रमाणे ही मध्यम श्रवणदोषात मोडते, म्हणजे ३५ ते ५० च्या आत. पण मला सरासरीपेक्षा उतार जास्त बोलका वाटतो. खालची पट्टी चांगली आणि वरची गेलेली, अशा माणसाला हाक ऐकू येते पण वाक्य कळत नाही. म्हणूनच ‘हिला हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं’ असं घरीदारी कुणीतरी बोलून जातं आणि ते मनाला फार लागतं. तुमच्याही वाट्याला आलं असेल.

त्या कागदावर एक गोष्ट मात्र नाही. गोल आणि फुल्या आहेत, हाडामार्फत केलेल्या तपासणीच्या खुणा नाहीत. नीट तपासणीत हेडफोन लावून झाले की कानामागच्या हाडावर एक छोटं कंपन देणारं यंत्र ठेवतात आणि तेच सूर पुन्हा ऐकवतात. त्यातून कळतं की अडचण कानाच्या वाटेत आहे, म्हणजे मळ, पडद्याचं भोक, मधल्या कानातली हाडं, की आतल्या नसेत. वाटेतली अडचण पुष्कळदा औषधाने किंवा ऑपरेशनने दूर होते. नसेतली होत नाही, तिथे यंत्र किंवा सॉफ्टवेअरच कामाला येतं. तुमचा उतार बघून नसेचा दोष वाटतो, पण ‘वाटतो’वर मी तुम्हाला पैसे खर्च करायला सांगणार नाही. आणि नवऱ्याने शोधलेलं सॉफ्टवेअर जी तपासणी करतं ती फक्त हेडफोनमधून करतं. मळाने बंद झालेला कान आणि झिजलेली नस तिला सारखीच दिसते.

तेव्हा पहिली फेरी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे हा विभाग आहे. खासगीत जायचं तर धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांची कमी नाही. डॉक्टरांनी कान बघितल्यावर ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडून, पूर्ण ऑडिओग्राम, म्हणजे तुमच्या कागदावर आहे तसा आलेख, करून घ्या. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी आहे का ते विचारायला लाजू नका. सूर ऐकवून झाल्यावर शब्दांची तपासणीही मागा, आणि ती मराठी शब्दांनी घ्या म्हणावं. आवाज पुरेसा मोठा केल्यावर शंभरातले किती शब्द बरोबर ओळखता येतात, ते त्यातून कळतं. तो आकडा चांगला असला तर सॉफ्टवेअर आणि मशीन दोन्हींचा उपयोग होणार. तो बराच कमी आला, तर नुसता आवाज वाढवून शब्द स्पष्ट होत नाहीत, तिथे लेखी मजकुरावर जास्त भर द्यावा लागतो.

एक गोष्ट सगळ्याच वाचकांसाठी. एका कानाचं ऐकणं एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत गेलं, तर सॉफ्टवेअर नाही, मशीन नाही, त्याच दिवशी दवाखाना. त्यावर स्टिरॉइडचे उपचार आहेत आणि ते पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच फायद्याची आशा जास्त. एकाच कानात सतत गुणगुण, चक्कर, कान वाहणं, ही लक्षणंही घरी थांबण्याची नाहीत.

आता सॉफ्टवेअर. असं असतं का? असतं, आणि ते थोतांड नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, सप्टेंबर २०२४ मध्ये ॲपलच्या एअरपॉड्स प्रो इअरफोनसाठीचं श्रवणयंत्राचं काम करणारं सॉफ्टवेअर मंजूर केलं, १८ वर्षांवरच्या, सौम्य ते मध्यम दोष जाणवणाऱ्या लोकांसाठी. लॅपटॉपवरची सॉफ्टवेअरं साधारण त्याच तत्त्वावर चालतात. मीटिंगचं ॲप आणि तुमचा हेडसेट यांच्या मध्ये ते जाऊन बसतं. मीटिंगच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडसेटऐवजी त्या सॉफ्टवेअरचं नाव निवडायचं. पलीकडून आलेला आवाज ते पट्टीपट्टीत वेगळा करतं, ज्या पट्टीत तुमचा कान कमी आहे तीच उचलतं, उजव्या आणि डाव्या कानाला वेगवेगळं माप लावतं आणि मग आवाज हेडसेटला देतं.

ते ६० डेसिबलची तूट ६० ने भरून काढत नाही. श्रवणयंत्रांच्या जुन्या ठोकताळ्यात तुटीच्या साधारण निम्मी भर घालतात. म्हणजे तुमच्या कानाला ४००० च्या आसपास २५-३० डेसिबल वाढ, ५०० ला त्याहून बरीच कमी. कारण नसेच्या दोषात एक विचित्र गोष्ट होते: हलका आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज इतरांइतकाच, कधी जास्तच टोचतो. दोन्हींमधली जागा अरुंद होते. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर हलके आवाज जास्त उचलतं, मोठे कमी. नुसता व्हॉल्यूम वाढवला की ‘आ’ कानात घुमतो आणि ‘स’ आहे तिथेच राहतो. तुम्ही आज हेडसेटचा आवाज शेवटपर्यंत नेऊन काम करत असाल, तर नेमकं हेच चाललंय, आणि दिवसाकाठी चार-पाच तास असं ऐकल्याने उरलेला कानही धोक्यात येतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तासांसाठी ८० डेसिबलची मर्यादा सांगते. सॉफ्टवेअर लावल्यावर मूळ व्हॉल्यूम खाली आणायचा, हे विसरू नका.

त्याच्या तपासणीवर न थांबता, सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओग्रामचे आकडे हाताने भरायची सोय आहे का ते बघा. असेल तर नवे आकडे भरा. नसेल तर ते सॉफ्टवेअर मी तुमच्या यादीतून काढून टाकीन. आयटी पार्कमध्ये दुपारी कँटीनशेजारी बसून हेडफोनमधून केलेल्या तपासणीत हलके सूर तुमच्या कानामुळे निसटले की गोंगाटामुळे, हे कुणाला कळणार?

विकत घ्यायच्या आधी फुकटातलं वापरून पाहा. आयफोन असेल तर हेल्थ ॲपमध्ये ऑडिओग्राम भरता येतो आणि ॲक्सेसिबिलिटीमधलं हेडफोन अकॉमोडेशन्स त्याप्रमाणे आवाज बेतून देतं, चालणाऱ्या हेडफोनची यादी तेवढी ठरावीक आहे. सॅमसंगच्या फोनमध्ये आवाजाच्या सेटिंगखाली अडॅप्ट साउंड असतं. इतर अँड्रॉइडवर गुगलचं साउंड ॲम्प्लिफायर घेता येतं. आठवडाभर याच्यावर बातम्या ऐका, बहिणीचे फोन घ्या. पहिले काही दिवस कागदाची सळसळ, कीबोर्डची टकटक, भांड्यांचा आवाज कानाला बोचेल. वर्षानुवर्षं न आलेले आवाज परत येत असतात, मेंदूला त्यांची सवय व्हायला काही आठवडे लागतात. त्रास झाला तर बंद करू नका, वाढ थोडी कमी करून हळूहळू चढवा.

मात्र सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं, तरी जो आवाज त्याच्यापर्यंत आलाच नाही तो ते उचलणार कुठून? साध्या जुन्या टेलिफोन लाइनवरून फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. तुमचा ‘स’ त्याच्या वरचा. तो लाइनवरच कापला जातो, मग पुढे हजारांचं सॉफ्टवेअर लावा की लाखांचं. इंटरनेटवरच्या मीटिंगला किंवा दोन्हीकडे चालू असलेल्या व्होल्टी, म्हणजे फोर-जी नेटवर्कवरून जाणाऱ्या, कॉलला हा पट्टा साधारण ७००० पर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. म्हणून जो क्लायंट फोनवर डायल करून येतो, त्याला मीटिंगची लिंक पाठवा. शब्द स्पष्ट होण्यात या एका बदलाचा वाटा पुष्कळदा सॉफ्टवेअरइतकाच असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

दुसरी गळती ब्लूटूथची. ब्लूटूथ हेडसेटवर गाणी छान वाजतात, पण कॉल सुरू होऊन माइक चालू झाला की बऱ्याच हेडसेटमध्ये आवाज अरुंद पट्ट्यात जातो आणि बोलणं डब्यातून आल्यासारखं होतं. तुमचा हेडसेट तसला असेल तर आधी वायरचा, यूएसबीवाला, दोन्ही कान झाकणारा घ्या. सॉफ्टवेअरनंतर नाही, आधी. एकाच कानाचा हेडसेट कंपनी देत असेल तर तो बदलून मागा, दोन कानांनी मेंदूला शब्द जुळवायला खूप मदत होते.

आणि तिसरी जागा अशी आहे की जिथे सॉफ्टवेअर पोचतच नाही: ती मीटिंगची खोली. टेबलाभोवती आठ जण, काचेच्या भिंती, आणि एप्रिल-मे असेल तर दारात लावलेला कुलर. आपल्याकडच्या कुलरचा घर्रर्र आवाज चांगला ऐकू येणाऱ्यालाही पिडतो. तुमच्या कानात तो खालच्या पट्टीतून पूर्ण ताकदीने येतो आणि वरच्या पट्टीतले उरलेसुरले व्यंजन झाकून टाकतो. लॅपटॉपचं सॉफ्टवेअर लॅपटॉपमधून येणाऱ्या आवाजापुरतं. समोर बसून बोलणारा टीमलीड, जिन्यात गाठून काम सांगणारी सहकारी, टपरीवर तर्री-पोहे खाताना ठरलेली शिफ्टची अदलाबदल, यातलं काहीच त्यातून जात नाही. तुमचं ‘साठ’ कुठे निसटलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते कॉलवर होतं की टेबलाशी उभं राहून सांगितलं होतं? एक आठवडाभर वहीत लिहून ठेवा, कोणता शब्द कुठे निसटला. कॉलवरचे जास्त निघाले तर सॉफ्टवेअर कामाचं. समोरासमोरचे जास्त निघाले तर नाही.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर येते. मशीनऐवजी सॉफ्टवेअर? कॉलच्या चार-पाच तासांसाठी, हो. उरलेल्या दिवसासाठी, नाही. साडेबेचाळीस डेसिबलच्या सरासरीला आणि अशा उताराला मी तरी दोन्ही कानांची श्रवणयंत्रं सुचवीन, डॉक्टरांनी नसेचा दोष ठरवल्यानंतर. आजची यंत्रंही तेच करतात जे हे सॉफ्टवेअर करतं, फक्त ती खोलीतही तुमच्याबरोबर असतात, आणि त्यांचे माइक समोरून येणाऱ्या बोलण्याला पुढे घेऊन मागचा गोंगाट मागे ठेवू शकतात. म्हणून मीटिंगमध्ये कुलर पाठीशी आणि बोलणारा समोर, अशी खुर्ची धरा. खिडकीकडे तोंड करून बसू नका, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड हवा. ओठ वाचायला आपण नकळत शिकलेलो असतो.

यंत्रं घेतलीत तर एक काळजी. यंत्र कानात असताना त्यावर हेडसेट आणि वर सॉफ्टवेअर, असं कधी करू नका. तीच पट्टी दोनदा उचलली जाते, आवाज टोचतो, यंत्र शिट्टी मारतं. ज्या यंत्रांना ब्लूटूथ आहे त्यांत कॉलचा आवाज थेट कानात येतो आणि यंत्राचंच माप त्याला लागतं. ते तुमच्या लॅपटॉपशी जुळत असेल तर वेगळ्या सॉफ्टवेअरची गरजच उरत नाही. खरेदीआधी ऑफिसचा लॅपटॉप दुकानात नेता येत नसेल, तर निदान त्याचं मॉडेल सांगून विचारा आणि चाचणीसाठी यंत्र काही दिवस वापरायला मागा.

सासूबाईंचं म्हणणं मी मायेतूनच आलं असं धरते. पण लोक आजही काहीतरी म्हणतच आहेत. ‘ध्यान किधर रहता है’ म्हणाले. कानामागचं बोटाच्या पेराएवढं यंत्र दिसल्यावर लोक फार तर ‘ऐकू कमी येतं’ म्हणतील, आणि ते खरं आहे. कामात लक्ष नाही, हे खोटं आहे. तुमच्यासारख्या मेहनती बाईने खोटा ठपका का सोसावा? पुढच्या तपासणीला सासूबाईंनाच सोबत घेऊन जा. साठीच्या पुढच्या लोकांत चारातल्या एकाहून जास्त जणांना त्रास होण्याइतकं कमी ऐकू येतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांचीही तपासणी होऊन जाईल, आणि तो आलेख काय असतो ते त्या स्वतः बघतील.

आता तिसरा प्रश्न, ज्याच्यासाठी मला वाटतं तुम्ही हे पत्र लिहिलंत. न सांगता भागेल का? नाही भागणार. आणि लपवायला सोपं पडतं म्हणून सॉफ्टवेअर घेणार असाल, तर मी घेऊ नका म्हणीन. लपवून ऐकण्याचा खर्च रोज संध्याकाळी तुमच्या डोक्यात मोजला जातो. तुटक शब्द जोडत, अंदाज बांधत, हसण्यावर नेत आठ तास काढायचे, तो शीण झोपूनही जात नाही. माझ्यासमोर बसून कितीतरी जणांनी सांगितलंय की ऐकू न येण्यापेक्षा ‘आता पुन्हा विचारू का?’ हा प्रश्नच त्यांना थकवतो. शिवाय व्यवहाराचंही बघा. कंपनीच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकायला आयटीची परवानगी लागतेच. तुमच्या कॉलवर रुग्णांची माहिती असते, तेव्हा आवाज लॅपटॉपमध्येच हाताळला जातो की बाहेर कुठल्या सर्व्हरवर जातो, हे विचारायचा त्यांना हक्क आहे, आणि तुम्हीही विचारा. बाहेर जात असेल तर तुमच्या कामासाठी ते घेऊच नका. चोरून टाकलेलं सॉफ्टवेअर सापडलं तर कानाची गोष्ट बाजूला राहून शिस्तीची गोष्ट होईल.

सगळ्या ऑफिसला सांगायची गरज नाही. आधी टीमलीडला, एकट्याला, आणि बोलल्यानंतर लेखी. असं काहीतरी:

‘सर, माझ्या दोन्ही कानांना वरच्या पट्टीचं कमी ऐकू येतं. तपासणी झालीय, उपचार सुरू आहेत. त्या दिवशी साठचं आठ झालं ते त्यामुळेच. काम नीट व्हावं म्हणून मला चार गोष्टी लागतील. आकडे आणि डेडलाइन चॅटवर लिहून द्या. मीटिंगला लाइव्ह कॅप्शन सुरू ठेवू द्या. दोन्ही कानांचा वायरचा हेडसेट द्या, आणि लॅपटॉपवर कानाच्या मापाने आवाज देणारं सॉफ्टवेअर टाकायला आयटीला सांगा. सॉफ्टवेअरची माहिती सोबत जोडली आहे.’

टीमलीड ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत करा, हिंदीत करा, पण माफी मागू नका आणि दहा गोष्टी मागू नका. आकडे लिहून देणं टीममधल्या प्रत्येकालाच सोयीचं जातं, बघा तुम्ही. शब्द निसटला तर ‘काय?’ किंवा ‘पुन्हा सांगा’ म्हणू नका. ‘किती क्लेम म्हणालात, सहावर शून्य ना?’ असं नेमकं विचारा. समोरच्याला सगळं वाक्य परत म्हणावं लागत नाही आणि तुम्ही ऐकत होता हेही दिसतं.

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ‘कमी ऐकू येणारी व्यक्ती’ म्हणजे दोन्ही कानांत, बोलण्याच्या पट्टीत, ६० ते ७० डेसिबलचा दोष. तुमचे आकडे त्यात बसत नाहीत, त्यामुळे प्रमाणपत्र मिळेल असं मी सांगून तुम्हाला हेलपाटे घालायला लावणार नाही. पण त्याच कायद्याने प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला सांगितलंय, आणि २०१७ च्या नियमांप्रमाणे २० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीने त्यात दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी कोणत्या सोयी आहेत ते लिहायचं असतं. एचआरकडे ते धोरण मागा. तुमची मागणी हेडसेट आणि एका सॉफ्टवेअरची आहे, ती मान्य करायला समजदार कंपनीला प्रमाणपत्र लागत नाही.

कॅप्शनचं सांगायचं तर टीम्स, मीट, झूम, तिन्हींत सोय आहे. विंडोज ११ असेल तर विंडोज, कंट्रोल आणि एल ही तीन बटणं एकत्र दाबली की कुठल्याही आवाजाच्या ओळी पडद्यावर येतात आणि तो आवाज लॅपटॉपच्या बाहेर जात नाही. अमेरिकन क्लायंटच्या इंग्रजीला हे चांगलं चालतं. आपल्या टीमच्या बोलण्यात एका वाक्यात तीन भाषा येतात, तिथे ते गडबडतं. समोरासमोरच्या मराठीसाठी अँड्रॉइड फोनवर गुगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब ठेवा, फोन बोलणाऱ्याजवळ टेबलावर. आकडे मात्र कुठल्याच कॅप्शनवर सोडू नका, ते चॅटवरच घ्या.

सॉफ्टवेअर महिन्याच्या वर्गणीवर मिळत असेल तर वर्षाची घेऊ नका. आधी एक महिना, आणि वहीतली नोंद तशीच चालू ठेवा. महिन्याअखेरी कॉलवर निसटलेले शब्द स्पष्टपणे कमी झालेले दिसले तर पुढे चालू ठेवा. दिसले नाहीत तर सेटिंग घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे जा, आकडे चुकीचे भरले गेले असतील किंवा वाढ कमी पडत असेल. अप्रेझलची तारीख जवळ असेल तर टीमलीडशी बोलणं त्याच्या आधी उरका, तपासणी व्हायची असली तरी. ‘उपचार सुरू आहेत’च्या जागी ‘तपासणी करून घेतेय’ लिहा, बाकी मजकूर तसाच चालेल.